याआधीची सर्व गमतीची मृत्युपत्रे रद्द

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा लोकांना हसवणे, तूर्त बंद, आज पूर्ण शुद्धीत असून कोणाच्याही धाकाला किंवा भुलावणीला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. कागदोपत्री माझे नाव वेगळे आहे आणि ते सहीखाली नीट लिहिलेले आहे. परंतु गावभर मला 'आजोबा' म्हणतात, भाजीवाल्यापासून बँकेतल्या कारकुनापर्यंत सगळे, तेव्हा कागदात पुढे 'आजोबा' असे येईल तिथे तो म्हातारा मीच, म्हणजे ही म्हातारी, असे समजावे.

मला फुप्फुसाचा आजार आहे. डॉक्टर आडवळणाने सांगायला लागले होते, मी त्यांना सरळ सांगायला लावले. वर्षअखेरच्या सुट्ट्या सुरू झालेल्या मी पाहीन. संपलेल्या बहुधा पाहणार नाही.

हे मृत्युपत्र खरे आहे. इतर कोणाला असे वाक्य लिहावे लागत नसेल. मला लागते, कारण मी याआधी दर वर्षी एक, अशी कितीतरी मृत्युपत्रे भरल्या हॉलमध्ये केलेली आहेत आणि प्रत्येकात माझे राहते घर कोणाला ना कोणाला देऊन टाकलेले आहे.

कलम १. ती सर्व मृत्युपत्रे मी या कागदाने रद्द करते.

ती काय होती हे सांगणे भाग आहे. समुद्रकाठच्या हॉटेलच्या जेवणघरात दर वर्षी सुट्ट्यांच्या दिवसांत आम्ही दोघी खेळ करायचो. दुसरी म्हणजे टिचकी. तिचेही खरे नाव खाली आहे. मी मिशी लावून खाटेवर मरायला टेकलेला चिक्कू म्हातारा, आणि टिचकी घोट्यापर्यंत लोळणाऱ्या काळ्या कोटात माझी वकील. ती मृत्युपत्र वाचायची, मी प्रत्येक ओळीला खोकायचे. (तेव्हाचा खोकला नाटकी होता.) मग खाटेचा पाय मोडायचा, आजोबा मरायचे, आणि टिचकी टेबलाटेबलांतून ओरडत हिंडायची, "अहो, कुणीतरी रडा हो! एकाच्याही डोळ्यात पाणी नाही! रडेल त्याला घर, दोन खोल्या, नळाला पाणी!" लोकांची हसून मुरकुंडी वळायची. कोणीतरी पैजेवर रडायचा. जो बरा रडेल त्याचा हात धरून ती त्याला पुढे आणायची. मी एक डोळा उघडायचे आणि विचारायचे, "कोण रडलं?" ती बोट दाखवायची. मी म्हणायचे, "नाव लिही!" नाव लिहिले जायचे, मी सही करायचे, पुढच्या टेबलावरचे दोघे साक्षीदार व्हायचे, टिचकी अकॉर्डियन गळ्यात अडकवायची, आणि कागद रडणाऱ्याला भेट मिळायचा.

यात चूक एकच होती आणि ती आमच्यासारख्यांच्याच हातून व्हायची. कागद खरा होता. टिचकीचा हट्ट, की मजकूर लुटुपुटूचा असला तर हसू अर्धेच येते. म्हणून हॉटेलात उतरणाऱ्या एका वकिलांकडून तिने कायद्याची भाषा शब्दन्‌शब्द लिहून घेतली होती. घराचा पत्ता खरा, चारी बाजूंना काय आहे ते खरे. सहीही माझीच, कारण मला दुसरी येत नाही. "या गावात आजोबांच्या घराचे मालक ढिगाने आहेत" हे आमचे टाळ्या घेणारे वाक्य होते. बहुतेकांनी ते कागद चौकटीत लावले. एकाने न्हाणीघरात लावला, असे तो स्वतःच सांगायला आला होता.

कलम २. माझे आताचे वकीलसाहेब म्हणाले, "आजोबा, या कागदात एक जरी विनोद सापडला, तरी समोरची बाजू म्हणेल की हाही खेळच. कोरडं लिहा." मी कोरडे लिहिले आणि वाचून दाखवले. घराच्या कलमापाशी ते हसले. मी पान फाडले. दुसऱ्यांदा त्यांनी ओठ दाबून धरले, पण खांदे हलत होते. तेही फाडले. जन्मभर लोक हसले नाहीत की मला धडकी भरायची. आता कोणी हसले की भरते. हा तिसरा कागद आहे. यात कोणाला हसू आलेच तर तो त्याचा दोष, माझा हेतू नव्हे, हे न्यायालयाने ध्यानात घ्यावे.

कलम ३. माझा भाचा.

माझ्या भावाचा हा एकुलता एक मुलगा. भावाने मला कधीच तोडले होते. वडील गेल्याचा निरोप मला मेकअपच्या खोलीत मिळाला आणि मी होते तशी धावले. वाटेत मिशी ओढून काढली, पण गोंदाने ओठावर लाल पट्टा राहिला होता. भाऊ दारातच आडवा उभा राहिला. म्हणाला, "इथे तमाशा नको. तोंड धुऊन ये." मी कोपऱ्यावरच्या नळावर तोंड धुऊन परत आले, तोवर वडिलांना नेलेले होते. त्यानंतर मी त्या घराची पायरी चढले नाही. भाऊ आता नाही, त्याच्याशी हिशेब संपला, असे मी मनाला बजावते. मन ऐकत नाही.

गेल्या वर्षी सुट्ट्यांच्या खेळाला भाचा बायकोला घेऊन आला. पुढच्या टेबलावर बसला. मी खाटेवरून त्याला ओळखले, भावाचेच कपाळ. टिचकी "कुणीतरी रडा हो" म्हणत निघाली आणि तो रडला. इतर लोक रडतात तसा तोंड वेडेवाकडे करून नव्हे. खाली मान घालून, आवाज न करता. हॉल हसत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होते. मला वाटले, आला. बापाच्या वतीने आला. मी डोळा उघडून "कोण रडलं?" विचारले तेव्हा माझाच आवाज फुटला होता, आणि लोकांना तीही आजोबांची लकब वाटली. "नाव लिही!" मी म्हटले. त्या रात्रीइतकी मनापासून मी दुसरी सही केलेली नाही, आणि ही गोष्ट माझ्या विरुद्ध जाऊ शकते हे मला ठाऊक आहे.

या उन्हाळ्यात मी दवाखान्यात होते. भाचा भेटायला आला, फळे आणली, उशी सारखी केली. मग खिशातून कागदाची झेरॉक्स काढली.

"आत्या, मी भांडायला आलेलो नाही. फक्त विचारतोय. सही तुझीच आहे ना?"

टिचकी पायथ्याशी बसून संत्रे सोलत होती. ती म्हणाली, "सही तिचीच आहे रे. मिशी मात्र भाड्याची होती."

"काकू, तुम्ही मध्ये पडू नका. हा घरातला विषय आहे."

"मग मी कुठे राहते, जिन्यात?"

तो माझ्याकडेच बघत राहिला. "आत्या, मी तेव्हा खरंच रडलो होतो," तो म्हणाला. मी विचारले, "कशाला रे?" तो झेरॉक्सची घडी घालायला लागला. पुढचे टेबल त्याने आठवडाभर आधी आग्रहाने मागून घेतले होते, रडणारे तिथूनच उठवतात ना, अशी चौकशीही केली होती, हे हॉटेलच्या मॅनेजरने मला नंतर सांगितले. तरीही तो खोटे रडला असे मी शपथेवर सांगू शकत नाही. माझ्या उभ्या आयुष्यात मला खरे-खोटे रडणे ओळखता आले नाही, असा तो एकच.

वकीलसाहेब म्हणतात, खेळातला कागद न्यायालय बहुधा मानणार नाही. पण 'बहुधा' उशाशी घेऊन टिचकीला झोप लागायची नाही. खटला उभा राहिला आणि निकालापर्यंत घराला कुलूप पडले, तर ती गुडघे धरून कोणाच्या दारात बसणार? म्हणून हे सगळे.

भाच्याला मी काहीही देत नाही. विसरले म्हणून नव्हे. आठवून, त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणून देत नाही.

कलम ४. घर. लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या, मोरी, गच्चीकडचा जिना आणि आतले सगळे सामान मी टिचकीला देते. कायमचे, पूर्ण मालकीने, विकण्याच्या हक्कासह.

हे घर माझ्या एकटीच्या नावावर का, असे विचारले जाईल. ते घेतले तेव्हा टिचकीचा नवरा तिची बिदागी हॉटेलच्या मागच्या दारातूनच उचलून न्यायचा. तिच्या नावावर खुर्ची घेतली असती तरी त्याने विकली असती. म्हणून घरात दोघींची मेहनत आणि कागदावर नाव माझे, असे आम्ही ठरवले. नवरा मेला, कागद तसाच राहिला. उद्या करू, खेळ संपला की करू, असे म्हणता म्हणता इथवर आलो.

आमचे नाते काय, हा रकाना मी मोकळा सोडला होता. वकीलसाहेब म्हणाले, काहीतरी लिहा. बहीण नाही, नणंद-भावजय नाही, भाडेकरू तर नाहीच. तिला साखर झालेली मला तिच्या आधी कळली. माझा खोकला खोटा राहिला नाही हे तिला माझ्या आधी कळले. स्टेजवर, सगळे हसत असताना, ती वाचता वाचता थांबली आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात खेळात नव्हता. मला ती हवी होती आणि ती मला मिळाली. रकान्यात हे लिहावे.

कलम ५. बँकेत आहे त्यातून दवाखाना भागवावा, उरेल ते टिचकीचे. अकॉर्डियन मुळातच तिचे आहे.

कलम ६. पाय मोडणारी खाट. ही ज्या सुताराने बनवली त्याला परत द्यावी. तिच्या डाव्या पायाची दोरी आधी कापावी, नाहीतर त्याच्या घरातले कोणी आपटेल. मला या खाटेवर झोपवू नये. टिचकीने हौसेने तसे म्हटले तरी ऐकू नये.

कलम ७. मॅनेजरने या वर्षी आमच्या जागी मोठ्या आवाजाची गाणी वाजवणारा एक पोरगा ठरवला आहे. धंदा आहे, त्याचे बरोबर आहे. त्याने टिचकीला विचारले म्हणे, "दुसरे आजोबा मिळतात का बघा ना." टिचकीला हवे तर तिने बघावेत, तिला मोकळीक आहे. मॅनेजरला मात्र मी माफ केलेले नाही.

कलम ८. शेवटचे. मी गेले की टिचकी माझ्याजवळ येईल आणि सवयीने म्हणेल, "उठा आजोबा, वारस सापडला." खेळात याच वाक्यावर मी डोळा उघडायचे. तिला ते म्हणू द्यावे, कोणी अडवू नये. म्हटल्यावर ती थांबेल, कारण तिथे थांबायचेच असते, हशा ओसरेपर्यंत. मी उठणार नाही. तेव्हा डॉक्टरांनी किंवा खालच्या लाँड्रीवाल्यांनी तिचा दंड धरावा. हात नव्हे, दंड. हात ती झटकते.

ज्याला कागदातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, सहीच्या वेळी जवळपासही नसावे, असा वकीलसाहेबांचा सल्ला आहे. म्हणून टिचकीला खाली पाठवले आहे. तिच्याशिवाय सही करण्याची ही माझी पहिलीच वेळ. लेखणी कुठे ठेवलीय, तेही मला कळत नव्हते.

ठिकाण: आमची पुढची खोली, खिडकीजवळचा पलंग.
दिनांक: सुट्ट्या लागण्याआधीचा शनिवार, सकाळी.

(सही)
आजोबा, आणि खाली संपूर्ण नाव

साक्षीदार पहिले, डॉक्टर: सही माझ्यासमोर झाली. लिहून देणार पूर्ण शुद्धीवर आहेत, मी तपासले आहे. मला हसू आले नाही.

साक्षीदार दुसरे, खालचा लाँड्रीवाला: सही माझ्यासमोर झाली. हा खेळ मी दर वर्षी उभ्याने बघत आलो आणि दर वर्षी हसलो, आज हसलो नाही. टिचकीबाई सही होईपर्यंत खाली माझ्या दुकानात स्टुलावर बसून होत्या. हाक मारल्यावर वर आल्या आणि दारातच त्यांनी विचारलं, "कुणी हसलं का?" मी म्हटलं, "नाही." तेव्हा त्यांना रडू फुटलं. आजोबांनी डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, "कोण रडलं?" मी सांगितलं. आजोबा म्हणाले, "नाव लिहिलंय." तेव्हाही कोणी हसलं नाही.