रिकाम्या सीटचा पट्टा

तालोफोफो, गुआम
९ जानेवारी

तोमास यास,

मी ठीक आहे. गुडघा जिथे होता तिथेच आहे. तुमच्याकडे थंडी असेल. लोकरीचं काही घालतोस की नाही हे विचारणं आता माझं काम राहिलेलं नाही. पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो हे मला ठाऊक आहे. ती जागा मी मोकळी सोडली आहे. चुकून राहिली असं समजू नकोस.

हे पत्र फक्त गाडीबद्दल आहे. तू गाड्या दुरुस्त करतोस आणि लोक तुला त्याचे पैसे देतात, म्हणजे काहीतरी कळत असेल. तुझा फोन नंबर चोंग मावशीकडे आहे, पण फोनवर माणूस भलतंच बोलून जातो. कागदावर खोडता येतं.

तुझ्या वडिलांची गाडी ऑगस्टमध्ये गंजाने संपवली. पायाखालचा पत्रा गेला आणि गाडी चालवताना मला रस्ता दिसायला लागला. बस आपल्या गावात येते ती उपकार केल्यासारखी. चर्चमध्ये मिस्साला जायचं, स्मशानात जायचं, डॉक्टरकडे जायचं. म्हणून मी ऑनलाइन जाहिरात बघितली. ‘एकच मालक. उत्तम स्थिती. फक्त मिस्साला जाण्यापुरती वापरलेली.’ निळी गाडी होती, फोटोत चकचकीत. शेवटचं वाक्य वाचूनच मी शहाणं व्हायला हवं होतं. देवाचं नाव घेऊन माल विकणाऱ्याला शाळेतल्या सिस्टर परपेतुआंनी वर्गाबाहेर उभं केलं असतं.

गाडी घेऊन तो दारात आला. चाळिशीचा, पोट पुढे, दात पांढरेशुभ्र. मी पायरीवरूनच विचारलं, “कोणाचा रे तू?”

“इनालाहानच्या कलिंगडवाल्यांचा, आजी. कीको आजोबांचा नातू. गोयो.”

आता कीको आजोबा म्हणजे माझ्या आईच्या लग्नात रात्रंदिवस डुक्कर भाजत बसलेला माणूस. मी पुढे काही विचारायच्या आत हा वाकला, माझा हात उचलून नाकाशी लावला, वास घेतला आणि मोठ्या बाईला म्हणायचं तसं म्हणाला, “न्योरा.” आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, “देव तुला साहाय्य करो.”

झालं. ज्याला आत्ताच आशीर्वाद दिला, त्याला लगेच मालकीचा कागद दाखव कसं म्हणायचं? एकतीस वर्षं मी इस्पितळाच्या नोंदणी खात्यात काढली. सही नसलेला फॉर्म मी बिशपसाहेबांचासुद्धा परत पाठवला आहे. आणि या माणसाने “कागद पुढच्या आठवड्यात आणून देतो, आजी” म्हटल्यावर मी चार हजार डॉलर त्याच्या हातावर ठेवले, वर लाल भात आणि कोंबडी बांधून दिली. डबासुद्धा परत आला नाही. फोन बंद आहे. पोराने बेट सोडलं म्हणतात.

आता मुद्द्याचं. बाजूच्या सीटवर कोणी बसलं आणि पट्टा लावला नाही की गाडीत घंटी वाजते. माझ्या बाजूच्या सीटवर कोणी बसत नाही. घंटी वाजते. डॅशबोर्डवरचं लाल माणसाचं चित्र पेटतं. मी सीटवर पर्स ठेवत नाही, छत्री ठेवत नाही. शेवटी वैतागून मी त्या रिकाम्या सीटला पट्टा लावला. तरी वाजते. किल्ली काढून घरात आले की कधी कधी वायपर आपोआप फिरायला लागतात, कोरड्या काचेवर, खर्रखर्र. मी खिडकीतून बघते आणि ते थांबतात.

चोंग मावशीला मिस्साला घेऊन निघाले, तर ती मागचं दार उघडायला लागली.

“पुढे बस की.”

“पुढे जागा नाही, बेर्नाडिता.”

“जागा नाही? रिकामी दिसत नाही का तुला?”

“तुला दिसते ना रिकामी? मग झालं.” आणि मागे बसून वर मला शिकवते, “जंगलात शिरताना पूर्वजांच्या आत्म्यांना विचारतो तसं विचार तरी. ‘आजी-आजोबा, येऊ का?’ असं. बघ थांबते का घंटी.”

मी सिस्टरांच्या हाताखाली बारा वर्षं शिकले आहे. मोटारीची परवानगी मागणार नाही, असं मी तिला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गाडीत एकटी होते तेव्हा मागितली. घंटी थांबली नाही.

हे कशाने होतं, ते लिही.

१३ जानेवारी

पत्र टाकलं नाही. आधी गावातल्या गॅरेजवाल्याला गाडी दाखवली. त्याने बाजूच्या सीटचा पट्टा धरला आणि ओढत ओढत पार शेवटपर्यंत बाहेर काढला. पट्ट्याच्या वरच्या अर्ध्या भागाला चिखलाची सरळ रेघ होती आणि एक वाळलेलं गवताचं पातं चिकटलं होतं.

“गाडी पाण्यात होती, आजी. छातीएवढ्या. तारांमध्ये मीठ गेलंय, म्हणून घंटी, म्हणून वायपर. पट्टा ओढून बघणं हे कुठलाही मेकॅनिक पहिल्या मिनिटात करतो. घरात कोणी मेकॅनिक नाही का?”

मी म्हणाले, नाही.

मग ते मीठ आहे. चला, प्रश्न सुटला. पण तोमास, मीठ आहे हे कळल्यावरही मला त्या सीटकडे बघवेना. त्या पट्ट्याच्या आत कोणी बसलेलं असताना पाणी त्या रेघेपर्यंत आलं होतं का, एवढंच डोक्यात.

तशीच परिवहन कार्यालयात गेले. खिडकीत लोलेची मुलगी होती, शाळेतली माझी लोले. मी म्हटलं, कागद हरवला असेल तर नवा दे. तिने नंबर घातला, पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“मावशी, ही गाडी कोणी विकली तुम्हाला?”

“गोयोने. कलिंगडवाल्यांच्या.”

“ती त्याची नव्हतीच. हिलारिओ माफ्नास मालक आहेत. मे महिन्यातल्या तुफानात समुद्र आत आला, तेव्हा नदीच्या मुखाशी वाहून गेले ते.” तिने आवाज खाली केला. “याच गाडीत.”

मी बरोबर आणलेले फॉर्म व्यवस्थित घडी करून पर्समध्ये ठेवले, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं.

हिलारिओची आई जिवंत आहे, इनालाहानला. एन्ग्रासिया. वारस म्हणून तिने सही केली तर गाडी माझ्या नावावर होते. लोलेच्या मुलीने कुठे सही घ्यायची तिथे पेन्सिलीने फुली करून दिली. नाही केली सही, तर ती माझ्या अंगणात उभी असलेली चोरीची गाडी.

२१ जानेवारी

काल गेले. चार वेळा निघाले आणि तीन वेळा कोपऱ्यावरून परत आले. काय म्हणायचं होतं? तुझा मुलगा ज्यात बुडाला त्यात मी मिस्साला जाते, इथे सही कर?

एन्ग्रासिया ओट्यावर फणसाच्या जातीचं ते आपलं निरफणस सोलत बसली होती. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. गाडी वळणावर दिसली तशी तिच्या हातातली सुरी थांबली. मी उतरले, वाकले, तिचा हात नाकाशी लावला. तिने आशीर्वाद दिला, पण नजर माझ्या खांद्यावरून गाडीवर.

“गोयो घेऊन गेला होता, भंगारात घातली म्हणाला,” ती म्हणाली. “पैसे मिळाले नाहीत म्हणाला. मी विचारलेही नाहीत.”

मी सगळं सांगितलं. घंटीचं सोडून. मग तीच म्हणाली, “बसू का मी त्यात जरा?”

मी दार उघडून दिलं. ती चालवणाऱ्याच्या सीटवर बसली, दोन्ही हातांनी चाक धरलं, आणि मग वाकून तिने त्या चाकाचा वास घेतला. आपण मोठ्यांच्या हाताचा घेतो तसा. आईने मुलाचा घ्यायची रीत नाही. मी तोंड फिरवलं. समोर कोंबड्या होत्या, त्या मोजल्या. सात.

“मीच बोलावलं होतं त्याला,” आतून आवाज आला. “छप्पर हलतंय, ये म्हणाले. तो म्हणाला, वारा थोडा पडू दे, आई. मी म्हणाले, शेजारणीचे मुलगे कधीच आले.”

मी कोंबड्या पुन्हा मोजल्या.

“तुला मुलगा आहे?”

गॅरेजवाल्याला दिलेलं उत्तर जिभेवर तयार होतं. पण त्या बाईसमोर निघेना. मी म्हणाले, आहे. मेकॅनिक आहे. मग म्हणाले, सहा वर्षं आमचं बोलणं नाही, तो बापाच्या नऊ दिवसांच्या रोझरीच्या प्रार्थनेला वेळेवर आला नाही.

“का नाही आला?”

“तुफान होतं. विमानतळ बंद होता.”

तिने चाकावरून हात काढले नाहीत. “माझा आला,” ती म्हणाली.

तोमास, आता मी लिहिते ते खोडणार नाही. तू होनोलुलूत तीन दिवस बाकावर झोपलास हे मला ठाऊक होतं. सातव्या संध्याकाळी रोझरी चालू असताना चोंग मावशीने माझ्या कानात सांगितलं होतं. मी ऐकलं आणि माळेचा पुढचा मणी ओढला. नवव्या संध्याकाळी तू आलास, सगळ्यांसमोर वाकलास, आणि मी हात मागे घेतला. लोकांना वाटलं, दुःखात भान नाही. मला भान होतं. तुझ्या वडिलांवर रागावता येत नव्हतं, ते गेले होते. देवावर रागवायची सिस्टरांनी सवय लावली नव्हती. उरलास तू. नंतर सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की पोराला बापाच्या शेवटाला यायला फुरसत नव्हती. लोकांनी मान हलवली, कारण मी कधी खोटं बोलत नाही अशी माझी ख्याती आहे.

आणि गोयोचं खरं कारण आता तुझ्या लक्षात आलं असेल. तू गेल्यापासून या दारात कोणी वाकलं नव्हतं. त्याने नाक लावलं आणि मी कागद विसरले. त्या दिवशी तो फक्त गाडीचे पैसे मागत होता म्हणून वाचले. घर मागितलं असतं तर माझं काही खरं नव्हतं.

एन्ग्रासिया बाजूच्या सीटवर सरकली आणि म्हणाली, “चर्चपर्यंत ने मला एकदा.” मी किल्ली फिरवली. घंटी वाजायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, आता विचारेल. तिने पट्टा ओढला, लावला, त्या चिखलाच्या रेघेवर तळवा ठेवला, आणि घंटी थांबली. चर्चपर्यंत आणि परत, एकदाही वाजली नाही. तू म्हणशील, पट्टा लावल्यावर थांबणारच. मीही लावला होता रे. सात आठवडे लावत होते.

परत आल्यावर ती म्हणाली, “कुठे करायची सही?” फॉर्म माझ्या पर्समध्ये होते, माझ्या अक्षरात भरलेले, एकही खाडाखोड नाही, पेन्सिलीची फुली जागेवर. मी म्हणाले, सही नको. किल्ली तिच्या ओट्यावर, सोललेल्या फोडींच्या शेजारी ठेवली. ती गाडी आता तिच्या झाडाखाली उभी राहील. ती चालवणार नाही. संध्याकाळी आत बसून रोझरी म्हणेन म्हणाली. चोंग मावशीचा जावई मला न्यायला आला आणि घरी येईपर्यंत रस्ताभर ऐकवत होता, “मावशी, गाडी पण दिली, पैसे पण दिले, डबा पण दिला.” मी त्याला म्हटलं, “तू समोर बघून चालव.”

तर माझ्याकडे गाडी नाही. ती कटकट मिटली. राहिली फक्त घंटी. ती एन्ग्रासियासाठी का थांबली, ते तुझ्या धंद्यातलं कारण असेल तर लिहून पाठव. पत्रात मावण्यासारखं नसेल तर येऊन सांग. उशीर झाला तरी चालेल. वारा असेल तर वारा पडेपर्यंत थांब. जिथे अडकशील तिथल्या बाकावर झोप, आणि मग ये.

मी पायरीवर बसलेली असेन. वर जागा सोडली होती, ती आता भरते.

देव तुला साहाय्य करो, तोमास.

आई