पाणी पिऊन उतरवलेलं वजन

आबा, तुमची नात तीन महिन्यांची झाली. आत्ता माझ्या शेजारी पाय झाडत पडली आहे. तुम्ही गेलात त्याला चौदा वर्षं झाली. माझं लग्न तेवढं पाहिलंत. त्यापुढची रिकामी वर्षं पाहिली नाहीत तेच बरं. पण शेवटची दोन वर्षं बघायला तुम्ही हवे होतात. मी जिंकले, आबा, आणि हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

चौदा वर्षांची असताना मी तुमचा डबा घेऊन मंगळवार पेठेतल्या तालमीत आले होते. पैलवानांची वजनं चालली होती. गंमत म्हणून मीही काट्यावर चढले. वस्ताद म्हणून तुमचा दरारा मोठा, तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "उतर की खाली. काटा मोडंल." सगळी तालीम हसली. तुम्ही ते संध्याकाळपर्यंत विसरलात, मी विसरले नाही. पुढची वीसेक वर्षं मी काट्यावर पाय ठेवला नाही. कुठे विचारलंच तर अंदाजाने आकडा सांगायचे. खाणं मात्र वाढत गेलं, कारण मूल होत नाही म्हटल्यावर ज्याला त्याला वाटायचं, हिला ताकद कमी पडते. सासूबाई डिंकाचे लाडू वळायच्या, "अंगात जीव नसंल तर गर्भ कसा धरंल?" म्हणायच्या. त्यांची माया खोटी नव्हती, म्हणून मीही खात गेले.

वंध्यत्वाच्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी काट्याकडे बोट केलं. मी घाबरत चढले. त्या हसल्या नाहीत. वजन फार असलं की पाळी बिघडते, इंजेक्शनं जास्त लागतात, बीजं हवी तशी तयार होत नाहीत, गर्भ राहिला तरी टिकायला जड जातं, असं त्यांनी शांतपणे समजावलं. "बारीक व्हा म्हणत न्हाय मी. आठ किलो उतरवा, मग सुरू करू. तीन महिन्यांनी या."

तीन महिने संपत आले तेव्हा पाच उतरले होते. हातात दोन दिवस, आणि वय सदतीस. मग वस्तादाच्या लेकीने काय केलं असेल? दोन स्वेटर, वर रेनकोट, आणि भर उन्हाळ्यात कळंबा तलावाच्या काठाने पळत सुटले. जेवण बंद, पाणी बंद. तुमचे पैलवान वजनगटात बसायला करायचे अगदी तेच. "ओ वैनी, आभाळात ढग तरी हाय का बघा!" एकजण मोटरसायकलवरून ओरडला. मी थांबले नाही. दवाखान्यातला काटा बरोबर आकड्यावर आला, मी दिमाखात खाली उतरले आणि तिथेच कोसळले.

शुद्धीवर आले तेव्हा हाताला सलाइन होतं आणि डॉक्टरबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "ही काय कुस्ती हाय व्हय? आकडा घेऊन मी काय करू? मूल काट्यावर न्हाय वाढायचं, तुमच्या अंगात वाढायचंय!" उपचार लांबणीवर पडले. तुमचे जावई बाहेरच्या बाकावर बसून रडले. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

त्या आठवड्यात तुम्ही फार आठवलात. नेसरीचा तो पैलवान, असंच पाणी तोडून वजन उतरवलेला, ज्याला तुम्ही मैदानातून परत घरी आणलं होतंत. तो आपल्या स्वयंपाकघरात बसलाय, ओठ सुकलेत, आईने केलेला मऊ भात खातोय, आणि तुम्ही समोर बसून तापलायत. "जिन्यावरनं उतरत्यात, गड्या. उडी मारलीस तरी खालीच येशील, पर पाय मोडून घेशील." त्याला बोलत होतात आणि त्याच्या ताटात तूपही तुम्हीच वाढत होतात.

मग मी जिन्यावरून उतरले. पोटभर पाणी पिऊन. दोन भाकऱ्यांची एक झाली, तांबड्या रश्श्यावरचा तेलाचा कट बाजूला गेला, लाडू जाऊबाईंच्या घरी. डॉक्टरबाईंनी जावयांच्या पोटालाही सोडलं नव्हतं, त्यामुळे रोज सकाळी तेही तलावावर, कुरकुरत. आठ किलो उतरायला सात महिने लागले, मग उपचार सुरू झाले. पहिल्या खेपेला गर्भ राहिला नाही. वजन उतरलं की मूल होतंच, असं कुणी लिहून दिलं नव्हतं. दवाखान्यात माझ्या शेजारी बसणारी सडपातळ बाईही किती वर्षं खेटे घालत होती. दुसऱ्या खेपेला राहिला, आणि टिकला. रिपोर्ट हातात आला तेव्हा तुमचे जावई दारात एवढ्याने ओरडले की रिक्षावाले वळून बघायला लागले. आणि मी शड्डू ठोकला, आबा. साडी नेसून, सगळ्या दवाखान्यादेखत. डॉक्टरबाई पोट धरून हसल्या.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून घरात कुणाला न सांगितलेलं एक लिहून टाकते. ज्या सकाळी आठ किलो खरोखर उतरले, त्या सकाळी मला मूल आठवलंच नाही. वर्षानुवर्षं त्याच्यासाठी झुरले, आणि नेमकं त्या दिवशी मला मी एकटीच पुरेशी वाटले. स्वयंपाकघरात उभी राहून खुळ्यासारखी हसत होते. जावई आत आले, माझा हात धरून म्हणाले, "आता हुतंय बघ." आणि काय होतंय ते मला क्षणभर कळलंच नाही.