चुकीच्या पुस्तकातली सोळा पानं

ता. ९ मार्च, रविवार दुपार

प्रिय वन्सं,

वहिनीचा नमस्कार. मी बरी आहे. तुम्हीही बऱ्या असाल, गुडघा सोडून. तीन वर्षांत तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत, म्हणून तुमची तब्येत मी मनानेच ठरवते. या महिन्यात जरा वजनही वाढवलंय तुमचं.

मी पुस्तकं बांधायच्या कारखान्यात लागलेय. छापलेल्या मोठ्या कागदाला घड्या घालायच्या, सोळा पानांचा एक फर्मा करायचा, फर्मे ओळीने लावून शिवायचे. घड्या घालता घालता मी वाचते. मुकादम ओरडतात, "बाई, हात चालवा, डोळे नको." मी म्हणते, "डोळे मिटून घडी घातली तर तुमचंच नाक दुमडेल."

सध्या तीन पुस्तकं एकदम आलीत, तिन्ही प्रेमाच्या कवितांची. पहिल्या कवीला मी चांदोबा म्हणते. त्याच्या बाईचं तोंड चंद्र, डोळे तळं, केस रात्र, चाल नदी. बाई आहे की भूगोलाचं पुस्तक? आणि एवढी सुंदर असून ती एकदाही तोंड उघडत नाही हो. दुसरे हुंदकेमास्तर. त्यांची बाई पहिल्याच पानावर निघून जाते आणि हे नव्वदाव्या पानापर्यंत खिडकीत उभे. मला वाटत राहतं, अरे, दोन घास तरी खाऊन घे. पण खोटं कशाला बोलू, रडतो तो छान रडतो. त्याच्याशी तुम्ही बोलणं टाकलं नसतंत.

माझ्याशी टाकलंत. दारात उभ्या राहून म्हणालात, "भाऊ आडवा पडलाय आणि ही हसते. हिचं प्रेमच नव्हतं त्याच्यावर." हसले, हे खरं. का हसले ते सांगितलं नाही. सांगते, पण आधी तिसरं पुस्तक.

ते एका बाईचं आहे. बारीकसं. चंद्र नाही, हुंदका नाही. एका कवितेत पलीकडच्या खोलीतून नवरा हाक मारतो. तिला ऐकू येतं. ती ओ देत नाही, अजून एकदा हाक यावी म्हणून. बस, एवढंच.

ते वाचल्यावर हात आपले चालत राहिले, मी तिथे नव्हते. संध्याकाळी मुकादमांनी एक पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं. चांदोबाच्या मधोमध त्या बाईची सोळा पानं शिवलेली.

"हे काय केलंत?"

म्हटलं, "त्याची बाई कधीची गप्प होती. म्हटलं, बोलू दे थोडं."

ते रागावणार होते. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुस्तक माझ्याच हातात ठेवून गेले.

वन्सं, ह्यांचा चष्मा रोज हरवायचा ना? विसराळू म्हणून तुम्ही त्यांना चिडवायचात. तो मी लपवायचे. "अगं, चष्मा बघितलास का?" करत ते घरभर हिंडायचे, ते ऐकायला मला आवडायचं. चौथ्या हाकेला द्यायचा, असा माझा नियम होता.

त्या सकाळी तो माझ्या कमरेला खोचलेला होता. तीन हाका आल्या. चौथी आली नाही. वाटलं, रुसले. मी सावकाश चहा गाळला.

कप घेऊन गेले तर खुर्चीत मान कललेली.

पहिल्याच हाकेला गेले असते तर, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. अजून कुणालाच विचारलेलं नाही.

मग तुम्ही आलात. त्यांचं तोंड ओकंबोकं दिसतंय म्हणत रडत रडत पलंगाखाली वाकलात आणि अगदी त्यांच्याच सुरात म्हणालात, "अगं, चष्मा बघितलास का?" माझा हात कमरेला गेला. ती चौथी हाक होती, वन्सं. मला हसू फुटलं.

आता घरात चष्मा ठेवला तिथेच असतो. कधी कधी माझाच लपवून बघते. पण लपवणारी आणि शोधणारी एकच असली की मजा येत नाही.

ते बिघडलेलं पुस्तक सोबत पाठवतेय. चांदोबाला ओलांडून पान तेहेतीसपासून वाचा. खाली रुमालात गुंडाळलेला चष्मा आहे. तुम्ही शोधत होतात ना.

रागावून मारलीत तरी चालेल, पण एक हाक मारा. चौथीची वाट बघणार नाही.

तुमचीच,
वहिनी