डावी कूस, सरळ पाय

२९ सप्टेंबर
आजपासून झोपेच्या नोंदी ठेवणार. कोणाला दाखवायला नाही. पंचावन्न वर्षांच्या माणसाला आपला फ्रीज रात्री किती वेळा चालू-बंद होतो हे ठाऊक असतं, पण आपण स्वतः कसे झोपतो हे ठाऊक नसतं. मला आहे. मी उत्तम झोपतो. डावी कूस, पाय सरळ, उजवा हात मांडीवर, उशी चार बोटं उंच. ही पोझिशन मी स्वतः शोधून काढली. फ्रीज दुरुस्तीसुद्धा कोणी शिकवली नाही. उघडत गेलो, शिकत गेलो, आज किकिंडापर्यंत लोक स्पासोयेला बोलावतात.
देसांका कालपासून अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात झोपते. मिरच्यांमुळे. आयवार, आमची हिवाळ्याची मिरचीची चटणी, घालायचा म्हणजे पहाटे उठून चूल पेटवायची, लाल मिरच्या भाजायच्या, सोलायच्या. तिनं तसं सांगितलं नाही. पण अंगणात मिरच्यांची पोती उभी असताना वेगळं सांगायची गरज काय?
रात्री नीट झोप लागली नाही. मिरच्यांच्या वासामुळे.

२ ऑक्टोबर
पलंगाला पाणसळ लावली. उतार निघाला! देसांकाच्या बाजूला. म्हणजे मी रात्री तिच्या अंगावर जातो ही तिची जुनी तक्रार स्वभावाची नाही, भूमितीची आहे. फ्रीज तिरका ठेवला तर कंप्रेसर घरघरतो. माणसाचंही तेच. त्या बाजूच्या पायांखाली पुठ्ठे सारले आणि तिला सांगायला गेलो. ती मिरच्या सोलत होती, हात कोपरापर्यंत लाल. म्हणाली, अरे बाबा, तेवढ्यासाठी गेले नाही मी. मी विचारलं, मग कशासाठी? म्हणाली, ती कढई धर जरा.
कढई धरली. विषय तिथेच राहिला.

७ ऑक्टोबर
आयवार संपला. बरण्या फडताळात गेल्या. चूल धुऊन झाली. देसांका मात्र तिथेच.
मी मोकळेपणानं विचारलं. म्हणाली, इथे मला झोप लागते. मी म्हटलं, झोप लागणं वेगळं आणि नीट झोपणं वेगळं. तिनं हातातल्या बरणीचं झाकण असं काही आवळलं की ती बरणी आता मलाच उघडावी लागणार.
एक गोष्ट इथे नोंदवतो, कारण बाहेर कोणाला कळणार नाही. देसांका अत्यंत चुकीची झोपते. पोटावर, तोंड उघडं, एक पाय पलंगाबाहेर, हात डोक्यावर, जणू तिला कोणी वरून खाली टाकलं आहे. सत्तावीस वर्षं मी रात्री उठून ते सुधारत आलो. पाय आत घेतो, कुशीवर वळवतो, हनुवटी हलकेच वर करतो. तिला न उठवता. ती दचकून उठते हा भाग वेगळा. याबद्दल मी कधी आभाराची अपेक्षा केली नाही.

११ ऑक्टोबर
झोप नाही. कुठल्याही कुशीवर नाही. पलंग फार रुंद वाटतो. मधे उशी आडवी ठेवून पाहिली. उशी हलत नाही, त्यामुळे सुधारण्यासारखं काही उरत नाही आणि माणूस नुसता पडून राहतो.
स्तानोयका शेजारीण फाटकाजवळच्या बाकावर बसली होती. म्हणाली, शेजारीबुवा, डोळे बघा तुमचे, उकडलेल्या अंड्यासारखे झालेत. बायको कुठे झोपते हल्ली? मी म्हटलं, मिरच्या. ती म्हणाली, मिरच्या तर माझ्याही संपल्या, आणि मी बाई घरात झोपते.

१३ ऑक्टोबर
प्लॅन ठरला. ८ नोव्हेंबरला मित्रोवदान, आमच्या घरच्या संताचा दिवस. घरभर पाहुणे. आदल्या दिवशी आमचा कूम ग्लिगोरिये येणार. आमच्या लग्नात साक्षीदार म्हणून तोच उभा होता, त्यामुळे आमच्याकडे तो भावापेक्षा वरचा. तो दर वर्षी उन्हाळी स्वयंपाकघरातच झोपतो. म्हणजे तोपर्यंत देसांकाला तिथून उठावंच लागेल. नाहीतर कूम विचारेल, वहिनी इथे कशी? आणि मग सगळं टेबल ऐकेल.
पण ती नाइलाजानं यावी असं मला नको. तिनं यावं ते खोली बघून. या खोलीत जगातली सर्वांत चांगली झोप लागते, हे मी आधी स्वतःवर सिद्ध करणार.

१६ ऑक्टोबर
सुधारणा चालू.
भिंतीवरचं घड्याळ बंद केलं. टिकटिक नको.
आरशावर पांढरी चादर टाकली. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड त्यातून थेट डोळ्यांवर येत होता.
पलंग फिरवला. आता डोकं खिडकीपासून लांब, पाय दाराकडे. मान धरण्याचा धोका शून्य. दोन्ही खिडक्या अर्थातच बंद. समोरासमोरच्या खिडक्या उघडून आरपार वारा घेणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या माना आणि कंबराही पाहिल्या आहेत. देसांका त्यांतलीच. तिकडे ती खिडकी उघडी टाकून झोपते, हे मी अंगणातून बघून आलो. तीनदा.

१८ ऑक्टोबर
ज्योतीकडे एकटक बघितलं की झोप येते असं रेडिओवर ऐकलं. ईस्टरची उरलेली मेणबत्ती सापडली. रात्री लावली. झोप आली नाही, पण मेणबत्ती बघण्यासारखी होती.
डावी कूस बंद. हाताला मुंग्या येतात. कारण पलंगाची दिशा बदलली. उद्यापासून पाठीवर, हात छातीवर एकावर एक. दुपारी टेस्ट. दुपारी अंगण शांत असतं, देसांका दुकानात जाते.

१९ ऑक्टोबर, संध्याकाळ
मान धरली आहे. सगळं नीट लिहितो, कारण गावात आता भलतंच सांगितलं जातं आहे.
जेवण झाल्यावर धुतलेला पांढरा शर्ट घातला. कडक कॉलरमुळे मान सरळ राहते. मेणबत्ती लावली, पाठीवर झोपलो, हात छातीवर घेतले. आणि गेल्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा झोप लागली! खोल, स्वच्छ, बिनघरघरीची. पद्धत बरोबर होती. हे कोणी ऐकूनच घेत नाही.
स्तानोयका चाळणी परत करायला आली. हाका मारल्या म्हणे. उत्तर नाही. आत आली तर आरसा झाकलेला, घड्याळ बंद, उशाशी मेणबत्ती, पाय दाराकडे, हात छातीवर, अंगात पांढरा शर्ट. आमच्याकडे मेलेल्या माणसाची खोली अशीच मांडतात, हे मान्य. तरी कोणीही शांतपणे विचार केला असता. तिनं मात्र असं धरलं की कोणा देवमाणसानं सगळं आधीच नीट करून ठेवलं आहे, आणि राहिलेलं एक काम स्वतः केलं. आत्म्याला बाहेर जायला वाट हवी म्हणून दोन्ही खिडक्या उघडल्या. समोरासमोरच्या!
मग रस्त्यावर जाऊन ओरडली.
मला जाग आली ती वाऱ्यामुळे. मानेत असा काही सणका बसला की उठता येईना. खोलीत पाचसहा माणसं, टोप्या हातात. कोणीतरी म्हणत होतं, चांगला माणूस होता, फक्त बोलायचा फार. मी पडल्या पडल्या म्हणालो, खिडकी लावा. स्तानोयका कपाटाला जाऊन आदळली.
देसांकाला दुकानात कळलं होतं. सायकल फाटकात आडवी टाकून ती धावत आली. एका पायात चप्पल, पाव रस्त्यावर. दारात थांबली. माझ्याकडे बघितलं. मी मान धरून बसलो होतो. मी म्हटलं, देसांका, या बाईनं आरपार वारा सोडला.
तिनं उशी उचलली आणि त्याच उशीनं मला मारलं. दोनदा. मग माझ्या पायांशी बसून रडायला लागली. पाहुण्यांनी टोप्या परत घातल्या.

२० ऑक्टोबर
देसांकानं मानेला गरम मिठाची पुरचुंडी लावून दिली. हे चांगलं लक्षण. बोलली मात्र थोडंच. म्हणाली, काल सायकलवर मला एकच आठवत होतं, आपण शेवटचं काय बोललो ते. मी विचारलं, काय? म्हणाली, तुला आठवत नाही? सकाळी खिडकीतून आत डोकावून तू मला म्हणालास, पाय आत घे. आणि मी म्हणाले, जा मर तिकडे.
मी म्हटलं, मी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. पाय खरोखर बाहेर होता.
पुरचुंडी घेऊन ती निघून गेली. अजून गरम होती.

२ नोव्हेंबर
हिवाळ्यासाठी पिंपात कोबी मुरत घातला. दोघांनी मिळून. ती गड्डे लावत होती, मी मीठ. कोबीचे गड्डे कसे रचावेत हे मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगितलं नाही. लिहून ठेवतो, कारण हे सोपं नव्हतं.
रात्री थंडी. उन्हाळी स्वयंपाकघराच्या भिंती पातळ आहेत. ती आज ना उद्या येणार. मी घड्याळ परत चालू केलं, आरशावरची चादर काढली, पलंग पूर्वीच्या जागी. मेणबत्ती फेकली नाही, मेण चांगलं आहे.

७ नोव्हेंबर, संध्याकाळ
आली! उशी, गोधडी, पायमोजे, सगळं घेऊन आली. मी पलंगाच्या माझ्या बाजूला बसलोच होतो. म्हणालो, बघ, उतार काढला आहे. म्हणाली, छान केलंस. आता तुझी उशी घे आणि ग्लिगाबरोबर तिकडे झोप. सोफा त्याला, बाक तुला.
दोन रात्रींचा प्रश्न आहे. घरात पाहुणे असताना बायकांना मोकळं लागतं. मीच हे सुचवणार होतो.
ग्लिगोरिये आला. मिठी मारून म्हणाला, ऐकलं तू वारला होतास. माझ्यासाठी परत आलास? आम्ही प्यायलो. पडतो आता. बाक कडक आहे, पण पाठीसाठी उत्तम. ग्लिगोरिये पाठीवर झोपला आहे, एक हात खाली लोंबतो आहे. बघवत नाही.

८ नोव्हेंबर, रात्र
पाहुणे गेले. लिहावंसं वाटत नाही. लिहितो.
सकाळी उठलो तर सोफा रिकामा. ग्लिगोरिये फाटकाबाहेर आपल्या गाडीत झोपलेला, काचांवर बर्फाची साय, अंगावर पोत्यासारखं काहीतरी. मी काच वाजवली. त्यानं आधी आतून दार लॉक केलं, मग डोळे उघडले.
दुपारी सगळे टेबलावर. पावाचा विधी झाला, गव्हाची खीर वाटून झाली, कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याचा सार्मा आला. ग्लिगोरियेनं ग्लास उचलला. मला वाटलं, संताच्या नावानं. तर तो म्हणतो, मंडळी, हा माणूस मला फार जवळचा आहे, पण त्यानं रात्री मला चार वेळा रचलं. पहिल्यांदा हात उचलून छातीवर ठेवला. मी म्हटलं, प्रेम आहे. मग कुशीवर वळवलं. मग पाय ओढून सरळ केले. शेवटी माझी हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि कानात म्हणाला, असं. अहो, मी साठीचा माणूस, मला वाटलं आता हा मला बरणीत घालून झाकण लावणार!
टेबल फुटलं हसून. स्तानोयका म्हणाली, मेला होता तेव्हा तरी हात स्वतःच्याच छातीवर होते.
मी समजावून सांगत होतो की उताण्या माणसाचा हात लोंबता राहिला तर रक्त खाली साचतं. कोणी ऐकेना. मग मी देसांकाकडे बघितलं. तीही हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हळूहळू थांबली. म्हणाली, ग्लिगा, तू एक रात्र काढलीस आणि गाडीत पळालास. माझ्याकडे गाडी नव्हती.
त्यानंतर कोणी हसलं नाही. कोणीतरी सार्मा पुढे सरकवला. मी दोन घेतले. चव कळली नाही.

९ नोव्हेंबर
ग्लिगोरिये गेला. मी उन्हाळी स्वयंपाकघरात, त्याच्या सोफ्यावर. एकटा. खिडकी बंद आहे, कुशी दोन्ही करून झाल्या.
संध्याकाळी देसांका भांडी पुसत होती. मी टॉवेल घेऊन शेजारी उभा राहिलो. दोन ताटल्या पुसल्या. मग म्हणालो, मला वाटायचं तुला बरं वाटतं. ती म्हणाली, मला माहीत आहे तुला तसं वाटायचं. म्हणून तर सत्तावीस वर्षं गेली.
पुढे म्हणाली, दाराला कडी लावणार नाही. झोपायला येणार असशील तर ये. मी कशी झोपले आहे ते बघायला येणार असशील तर येऊ नकोस.
यात न कळण्यासारखं काही नाही. स्पष्ट सूचना आहे. यापेक्षा किचकट सूचना मी इटालियन फ्रीजवर, भाषा न येता, पाळल्या आहेत. थोडा वेळ जाऊ देतो, मग जातो. डावी कूस, तोंड भिंतीकडे. भिंतीकडे बघत असलो की काही दिसणारच नाही.

१० नोव्हेंबर, पहाट
गेलो होतो. ती पोटावर झोपली होती, तोंड उघडं, हात डोक्यावर. शेजारी माझी जागा मोकळी ठेवली होती. गोधडीचं टोकही माझ्या बाजूला दुमडून ठेवलं होतं. मी आवाज न करता आडवा झालो. भिंतीकडे. झोप येत होती, खरंच येत होती.
मग तिचा पाय पलंगाबाहेर गेला. थंडी फार होती.
बाकी कशाला हात लावला नाही. एकच पाय सरळ केला.
हे सोफ्यावरून लिहितो आहे. आत्ताच तिकडून कडी लावल्याचा आवाज आला.