बाउक्येचा खूर आणि माझी नडगी

तीर्थस्वरूप वीब्रनमामांच्या चरणी हेसलचा सप्तांग नमस्कार. (आठवं अंग प्लास्टरमध्ये आहे, ते जमिनीला टेकत नाही.) मामींचे गुडघे काय म्हणतात, नवी वासरं नीट दूध पितात का, ते कळवा. इकडे सगळं क्षेम आहे. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे घरात शांतताही आहे.

पाय कसा मोडला ते आईने तिच्या पद्धतीने सांगितलं असेलच, आता खरं ऐका. कालव्याच्या पलीकडे यिट्स्के उभी होती. (आपल्या गुरांच्या डॉक्टरांची मदतनीस. तीच, जिच्यादेखत तुम्ही माझ्या अर्धवट सोडलेल्या कॉलेजचा विषय काढलात.) पूल हाकेच्या अंतरावर होता, पण मनातलं सांगायला कुणी पुलावरून चालत जातं का? आपल्याकडचा गडी कालव्याच्या तळाशी लांबलचक काठी रोवतो, सरसर तिच्यावर चढतो आणि ती पलीकडे कलली की पल्याड उतरतो. मी रोवली, चढलो, आणि काठी मध्यावर येऊन विचारात पडली. पाण्यात पडलो असतो तर निभावलं असतं, पण मी माघारी आपल्याच काठाच्या लाकडांवर आदळलो.

महिने लोटले तरी नडगीचं हाड जुळायचं नाव घेईना. शेवटी हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी प्लास्टरला खिडकी पाडली आणि एक छोटं यंत्र दिलं. त्याची बिस्किटाएवढी चकती थंडगार जेली लावून रोज वीस मिनिटं नडगीवर टेकवायची. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी हाडाला हळूहळू ढोसत राहतात, म्हणजे त्याला जुळायची आठवण होते. ना आवाज, ना चटका, ना साध्या मुंग्या. मी तिथल्या तिथे भडकलो. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तुम्हाला काही कळायची गरज नाही, हाडाला कळलं की पुरे." पुढच्या एक्स-रे फोटोत फरक दिसला नाही, तर कापून पट्टी आणि स्क्रू घालू, असा दमही भरला.

त्याच आठवड्यात बाउक्ये (बाबांची लाडकी गाय) लंगडू लागली. खुराच्या दोन नखांपैकी एकाच्या आतलं हाड चिरलं होतं. यिट्स्के आली, तिने दुसऱ्या, धड असलेल्या नखाखाली लाकडी ठोकळा चिकटवला (तो काय, नुसता टेकू) आणि गायीच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "ही बरी होऊ दे, मी काहीही करीन." मामा, ते 'काहीही' तिने माझ्याकडे बघून उच्चारलं. (बाबांच्या मते माझ्या मागच्या घड्याळाकडे बघून.) यंत्र दिवसातून एकदाच चालतं. नडगी की खूर? मी क्षणभरही विचार केला नाही. ती सवय कॉलेजातच सोडून आलो. तेव्हापासून रोज दुपारी कुबड्या घेऊन गोठ्यात जायचं, बाउक्येच्या पायाला चकती लावायची आणि वीस मिनिटं तिची शेपटी तोंडावर झेलायची. जेली संपली तेव्हा गाभण गायी तपासायच्या बाटलीतली घेतली. एकदा बाबांनी पकडलं. म्हणाले, "चालू दे. ती दूध तरी देते." (या महिन्यातलं आमचं तेवढंच संभाषण.)

आणि मामा, बाउक्ये बरी झाली. काल कुरणात अशी उधळली की शेजाऱ्यांची मेंढरं पळाली. माझ्या हाडाच्या वाट्याचा सगळा आवाज तिच्या पायात गेलाय. प्रेमासाठी लोक काय काय देतात, पण नडगी कुणी दिली होती का? आनंदाने मला रात्री झोप नाही. मोठ्यांस नमस्कार, वासरांना गोंजारणे.

तुमचा,
हेसल

ता. क. बाउक्ये बरी झाली आणि यिट्स्के यायची बंद झाली. माझा त्याग तिला कळायचाच राहिला. तुमच्या गोठ्यात एखादी लंगडी गाय असेल तर शनिवारच्या आत पाठवा. फार लंगडी नको, बाबांना संशय येईल.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तोच यिट्स्के दारात. बाबांनीच फोन केला होता. (माझ्याशी न बोलणारा माणूस तिच्याशी भरपूर बोलला.) मला म्हणाली, "गाढवा, ती माझ्या ठोकळ्याने बरी झाली. दुखऱ्या नखावर भारच पडत नव्हता तिच्या." मग मला खुर्चीत दाबून बसवलं, स्वतः जेली लावली आणि चकती वीस मिनिटं धरून ठेवली. बोलायला बंदी होती. उद्याही येणार आहे, हाड जुळेपर्यंत रोज येणार आहे. जाताना म्हणाली, "जुळलं की काय सांगायचंय ते सांग. पण पुलावरून चालत ये."

तेव्हा गाय पाठवू नका. आणि मामा, तो पूल आज खिडकीतून नीट पाहिला. चांगला रुंद आहे.