धन्याच्या हाताचं माप

॥ श्री मोरेश्वर प्रसन्न ॥

मु. जळोची, ता. बारामती
२१ नोव्हेंबर १९३५

चि. जयवंता यास थोरला भाऊ महिपती याचे अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम, तिकडलं कळवीत जाणं.

तू धाडलेले कडुलिंबाचे ओंडके पोचले. भिमा सुतारानं ते बघून मिशीला असा पीळ दिला, जसा काय झाड त्यानंच लावलं हुतं. मळ्यातलं घर आता जोरात चाललंय. पाच खणांचं, सगळं लाकूडकाम, वर माळवद. भिमा म्हणतो, घर धन्याच्या हातानं मोजायचं, तरच लाभतं. म्हणून त्यानं माझ्या कोपरापासनं बोटाच्या टोकापतोर काठी तोडली आन खांब, तुळया, चौकटी सगळं त्याच काठीनं बेतलं.

जयवंता, हे घर आमा दोघांसाठी न्हाय. आमाला मूलबाळ न्हाय, ते देवाच्या मनात नव्हतं. तितली आजोळची जमीन कुळाला अर्धेलीनं लाव आन छबूला, पोरांना घेऊन कायमचा हितं ये. कोणतं पोर कुठं निजणार ते तुझ्या वहिनीनं आत्ताच ठरवलंय, मला इचारलंबी न्हाय. चौकट बसवायच्या दिवशी तुझ्या सासऱ्यांनाबी आण.

माया हाय ती दुणावू द्यावी, हा आशीर्वाद.

महिपती


मु. निरवांगी, ता. इंदापूर
१२ डिसेंबर १९३५

तीर्थरूप दादांचे चरणी बालक जयवंताचा साष्टांग दंडवत. वि. वि.

कपाळावरचं टेंगूळ अजून उतरलं न्हाय. छबू हळद लावती आन तोंड फिरवून हसती. चौकटीला हार घातला, नारळ फुटला, मी आत पाऊल टाकलं आन वरचं लाकूड थाडदिशी बसलं. टेंगळाचं जाऊ द्या. पटका सासऱ्यांच्या पुढ्यात कुंकवाच्या पाण्यात पडला, तवा तुमी काय म्हणालात? म्हणालात, लहान भाऊ हायेस, जरा वाकून यावं. अख्खा मांडव हसला. सासरे तर इंदापूरपतोर हसत गेले.

माझा लिंब बांधावर ताठ उभा हुता दादा, त्याचं तुमी खुराडं केलंत. तुमचा हात आखूड, त्यात तुमचा दोष न्हाय. पण माझी उंची तुमाला ठावं नव्हती व्हय? मी वाकूनच ऱ्हावं असं मनात असंल तर सरळ सांगा.

वहिनींस नमस्कार. त्यांचे लाडू तेवढे चांगले हुते. कृपा असावी, हे मागणं रागातबी हायच.

जयवंता


मु. जळोची
२० डिसेंबर १९३५

चि. जयवंता यास आशीर्वाद. आज एकच.

दार दारासारखं हाय. तुझी वहिनी सरू डोक्यावर घागर घेऊन सुखानं आत येती. तूच बेसुमार वाढलायस, त्याला मी काय करू? आईनं माझ्या वाटणीचं दूध तुला पाजलं, त्याचा हा परिणाम. रीत काय मी काढली न्हाय. घर धन्याच्या हाताचं असतंय आन धनी मी हाय. देवळात वाकतोस, साहेबापुढं वाकतोस, भावाच्या दारात वाकलास तर कंबर मोडती काय? पटका जरा लहान बांध.

सरू म्हणती, हे पत्र धाडू नका. मी धाडतोय.

महिपती


मु. निरवांगी
४ जानेवारी १९३६

तीर्थरूप दादांस दंडवत.

साहेबापुढं वाकतो ते पोटासाठी. तुमच्याकडं पोटासाठी येणार नव्हतो.

माझं एकट्याचं असतं तर गुमान वाकलो असतो. पण पोरं माझ्याच अंगलोटाची. थोरला आत्ताच माझ्या खांद्याला लागला. ज्या घरात पोरं वाढली तर अडचण, तितं ती नेऊ कशी? आज छबूनं भरलेली गाडी रिकामी केली. ती तुमच्यावर रागावलीय आन माझ्यावर जास्त. पोरं विचारत्यात, थोरल्या आईकडं कवा जायचं? आमी हितंच बरं.

मायेला अंतर नको.

जयवंता


मु. जळोची
२ मार्च १९३६

चि. जयवंता यास महिपतीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी सरूला वाचून दाखवलं. पोरं वाढली तर अडचण, हे ऐकलं आन ती चुलीपुढनं उठून गेली. त्या दिवशी भाकरी झाली न्हाय. मलाबी भूक नव्हती. खरं सांगतो, लई लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी भिमाला म्हणालो, सगळं उतरव. तो म्हणाला, येड लागलं काय? मग त्यानंच तोड काढली. खांबाखाली उंच दगडी तळखडे घातले आन माळवद वर गेलं. चौकट सागवानाची नवी केली. पूजा झालेली चौकट काढली म्हणून गाव बोंबललं. ती गोठ्याला बसवली, म्हशी खुशीत हायेत.

मापाचं इचारशील. इंदापूरच्या बाजारात भिमा भेटला, लई वाळलास म्हणून तुझा हात धरून चाचपत बसला, आठवतंय न्हवं? माप घेत हुता लबाड. तवा रीतीपरमानं आता धनी तू. सरू आन मी तुझ्या घरात ऱ्हाणार. कुणी कुणापुढं वाकायचं ते तूच ठरव.

पण एक घोटाळा झालाय. भिमानं दाराची कडी रिवाजापरमानं चौकटीच्या अगदी माथ्याला बसवली. काल काम आटोपून त्यानं कडी घातली आन गेला गावाला. आमा दोघांचा हात पोचत न्हाय. उड्या मारून बघितल्या, आता या वयात ते शोभलं न्हाय. वर चढायला घडवंची, तर ती आत राहिली. शेजारचा गडी बोलावणार हुतो, तर सरू आडवी आली. म्हणाली, नव्या घराचं दार परक्यानं उघडायचं न्हाय. आमी दोघं जुन्या खोपटात निजतोय, उठलं की जोत्यावर जाऊन बसतोय आन गाडीवाटंकडं बघतोय.

छबूस, पोरांस आशीर्वाद. गाडी भर. बाकी सगळं भेटीत.

तुझ्या दाराबाहेर उभा असलेला,

महिपती