शांतारामने फुंकलेली नळी

डोंबिवली, गुरुवार संध्याकाळ

उंचवटा आजही डावीकडेच सरकला. काय चुकतंय माझं?

पितळेच्या डब्यात मायक्रोवेव्ह सोडल्या की एका ठरावीक फ्रीक्वेन्सीला डबा घुमतो, पडद्यावर उंचवटा दिसतो. आतली निऑनची नळी पेटवली की तो उजवीकडे सरकायला हवा. जितका सरकेल तितके आत इलेक्ट्रॉन दाट. एवढं आपलं आपण शिकायला म्हातारपण आलं, आणि माझा उंचवटा डावीकडे!

मग सगळं बंद करून डब्याला हात लावला, तर चटका बसला. डबा तापून फुगला की खालच्या फ्रीक्वेन्सीला घुमणार, म्हणजे उंचवटा डावीकडे येणारच. मेलं डोकं माझं! नळी विझवून लगेच, डबा गरम असतानाच पुन्हा मोजायचं, आणि मधला फरक धरायचा. आनंदाच्या भरात झाकण जरा जोरात दाबलं. नळी तडकली.

कळव्याच्या शांतारामने फुंकलेली ही शेवटची नळी. जन्मभर दुकानांच्या निऑनच्या पाट्या केल्या त्याने, आता अंथरुणाला खिळलाय. "माझ्या नळीत इलेक्ट्रॉन किती, तेवढं सांग रे मला," म्हणाला होता. एखादा आकडा ठोकून द्यावा? त्याला कुठे कळणार? पण त्या उंचवट्याने मला झोपू दिलं नसतं.

शेवटी फोन केला. "शांताराम, फुटली रे नळी माझ्या हातून."

पलीकडे ऑक्सिजनच्या मशीनची घरघर. मग म्हणाला, "रडतोस काय वेड्या? उद्या काच घेऊन ये. दुसरी फुंकून देतो."

आणतो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो मी?